दोर ढिला पडला नाही

टोचन लावून गाडी आणायची तर पुढच्यापेक्षा मागच्याचं काम अवघड, असं बाबा म्हणत. पुढचा नुसता ओढतो. मागच्याने स्टेअरिंग धरायचं, वळण आलं, उतार लागला की ब्रेकवर अलगद पाय ठेवायचा आणि दोर ताठ राखायचा. दोर ढिला पडला की एक तर हिसका बसणार, नाहीतर मागची गाडी पुढच्या गाडीच्या पाठीत घुसणार. "मागचा माणूस दोराशी बोलतो," हे बाबांचं वाक्य थोरलीने गॅरेजात पाने पुसता पुसता शंभरदा ऐकलं होतं.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. गॅरेज आता थोरलीच चालवते. भंगारातून उचललेला जुना पिकअप दोन वर्षं खपून तिने असा उभा केला होता, की रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत. आज त्याला पहिलं मोठं काम मिळालं होतं, आणि तेही बाबांची पिस्ता रंगाची गाडी घरी आणायचं. बाबांच्या दुखण्यात ती हातची गेली होती, ती आता घाटापलीकडच्या एका गोदामात पोत्यांमागे सापडली होती.

घाई आईसाठी होती. आईची नजर दिवसेंदिवस विझत चालली होती. आता तिला फक्त लख्ख उन्हात काय ते दिसे. "दिसतंय तोवर एकदा आणून दाखवा गं," एवढंच ती म्हणाली होती. पुढे आठवडाभर ढगाळ हवा सांगितलेली. म्हणजे जे करायचं ते आज, आणि ऊन उतरायच्या आत.

बरोबर धाकटी होती आणि धाकटीचे यजमान. ते शाळेत भूमिती शिकवत, म्हणून घरात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मागे बसायचा मान मास्तरांनी हौसेने मागून घेतला, पण बाबांच्या गाडीच्या सीटवर बसल्यावर त्यांचे पाय पेडलला पोचेनात. घरात उंच असे एकटे बाबाच; बाकी सगळा गोतावळा आईसारखा ठेंगणा. शेवटी थोरलीने हातोडीने ठोकून ठोकून सीट पुढे सरकवली. रुळात काहीतरी 'कट्' वाजलं आणि सीट तिथेच रुतून बसली. पुढे होईना, मागे होईना.

"झालं," पोट आत ओढत मास्तर म्हणाले. "आता ही इथेच समाधी घेणार."

"तुम्ही आधी ब्रेक सापडतोय का बघा," धाकटी म्हणाली.

बसलो, चल, असं सांगायची घरची खूण ठरलेली होती. पिकअपच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा मारायच्या. मास्तरांनी दणदणीत मारल्या आणि वरात निघाली.

मास्तरांनी घाटाच्या पायथ्यापर्यंत जीव नकोसा केला. दोर कधी सैल, कधी हिसका. प्रत्येक हिसक्याला धाकटीची मान पुढे जाई आणि तिला हसू आवरत नसे. "अगं ताई, या माणसाला कंपास दे, ब्रेक नको देऊस!"

पायथ्याला चहाला थांबले. मास्तर घामाघूम. "हात भरून आले माझे. आता बायकोने बसावं मागे."

"बसते. बाबांची लेक आहे मी," धाकटी म्हणाली.

थोरली बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होती. ऊन कलायला लागलं होतं. तिने झाकण लावलं, हात पुसले, घाईघाईने चढून बसली. मास्तर कुठे दिसेनात. बायकोशेजारी जाऊन बसले असतील, तिने मनाशी म्हटलं.

फाळक्यावर दोन थापा पडल्या. हलक्या, नेटक्या.

ती निघाली.

पहिल्याच वळणावर तिच्या लक्षात आलं. वळणाच्या जरा आधी मागून अलगद धरल्यासारखं झालं, आणि वळण सरताच सोडल्यासारखं. दोर तारेसारखा ताठ. दुसरं वळण, तिसरं, मग तो कुप्रसिद्ध उतार. कुठे हिसका नाही की धक्का नाही. बाजूच्या आरशात पिस्ता रंगाचं मडगार्ड तेवढं दिसे. काचेवर ऊन चमकत असल्याने आतलं काही दिसत नव्हतं. 'वा गं धाकटे!' थोरलीला इतका आनंद झाला की ती मोठमोठ्याने गायला लागली. बाबा गेल्यापासून गाडी चालवताना ती गायली नव्हती.

घरापुढे पोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. आई फाटकाशी उभी होती. थोरली उडी मारून उतरली, तोच मागून एक टेंपो येऊन थांबला आणि त्यातून धाकटी उतरली.

"ताई! पाण्याची बाटली भरायला गेले तर मला टाकूनच निघालात! पर्सही तुझ्या गाडीत, फोन करू कशाने?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. "मग मागे... मास्तर होते?"

"नाहीतर कोण? घाटात आम्ही गाठलं होतं तुम्हाला. पुढे येऊ नका म्हणून हात दाखवला ना त्यांनी खिडकीतून. चांगला लांब हात काढून."

पिकअपच्या हौद्यातली ताडपत्री हलली. खालून मास्तरांचं डोकं वर आलं. केस विस्कटलेले, गालावर दोराचे वळ.

"पोचलो का? चहा पोटात गेला आणि असा डोळा लागला म्हणता..."

"थापा तुम्ही मारल्यात ना?" थोरलीने विचारलं.

"कसल्या थापा?"

टेंपोवाला निघून गेला.

आईला यातलं काहीच कळलं नव्हतं. ती दोन्ही हात पुढे करून गाडीपाशी आली, बॉनेटवर तळवे टेकले, डोळे बारीक केले. "पिस्ताच गं! अगदी तोच!" ती लहान मुलीसारखी हसली. स्वतःच दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. पदर सावरला.

"किती छान आणलीत. ये, बस ना क्षणभर."

थोरली स्टेअरिंगमागे बसली. उन्हात आईचा चेहरा उजळून निघाला होता. तिच्याकडे बघत थोरलीने, सवयीने, पाय पुढे केले.

ब्रेकचं पेडल वीतभर लांब राहिलं.