फॉइलच्या पाठीवर

आमच्या जळगावच्या कॉलेजात लेझर नाही. तो दूर, परराज्यातल्या प्रयोगशाळेत आहे. आम्ही केसाहून पातळ फॉइल चौकटीत बसवून तिकडे पाठवतो. लेझर फॉइलच्या पोटावर पडला की पाठीवरून आयन सुसाट सुटतात आणि समोरच्या प्लास्टिकच्या पाटीवर आदळतात. ती पाटी परत आमच्याकडे येते. गरम कॉस्टिक सोड्यात धुतली की सूक्ष्मदर्शकाखाली आयनांचे खड्डे दिसतात. गंमत म्हणजे हे आयन बहुतेक धातूचे नसतातच. पाठीवरच्या मळातल्या हायड्रोजनचे असतात. हवेतली ओल, बोटाचं तेल.

म्हणून हातमोजे घालायचे. माझा नवरा स्वप्नील आधी फॉइल बसवायचा, आणि मोज्यांना कायम कुरकुरायचा. मी तणतणायचे. चाळीसगाव रस्त्यावर अपघातात तो गेला, त्याला वर्ष होऊन गेलं. आता फॉइल मी बसवते. तणतणायलाही कोणी उरलं नाही.

दिवाळीनंतर आलेल्या पाटीवर खड्ड्यांनी अख्खा अंगठा उमटला होता. फॉइलचं पाकीट नवं, मीच फोडलेलं, मोजे घालून. शिवाय लेझर पडतो खसखशीच्या दाण्याहून लहान जागेवर. तिथून अंगठा उमटणं शक्यच नाही.

पिंप्राळ्याच्या घरी सासूबाई लसूण सोलत होत्या. काही न सांगता पाटीवरच्या ठशाचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

"हाऊ ते मना स्वप्नीलना अंगठा शे," ठशातल्या आडव्या व्रणावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "न्हानपने विळा लागना व्हता. खूण दख ना."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून हेमलता मॅडमचा फोन आला.

"मेघा, फॉइल घाण येताहेत. हीटर मागवलाय. यापुढे तापवूनच शॉट घेऊ, सगळा मळ उडून जाईल."

"इतक्यात नको, मॅडम."

"का गं?"

पुढची खेप तरी अशीच जाऊ दे, म्हणाले. मला तो हवा होता. खड्ड्यांचा का होईना, हवा होता.

पुढची खेप बसवताना मी उजवा मोजा काढला आणि एका फॉइलच्या पाठीवर अंगठा टेकवला.

पाटी परत आली. दोन अंगठे. माझ्यावर त्याचा, घट्ट दाबून धरलेला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी पोटभर रडले.

घरी उशीर होईल हे कळवायला फोन काढला. सकाळी उघडलेला फोन आता अंगठ्याने उघडेना. पुसून पाहिला, तरी नाही.

अंगठा दिव्याखाली धरला.

एकही रेघ नव्हती.

कॉस्टिकने कातडी जाते. पण मोज्याला भोक नव्हतं, आगही होत नव्हती. उलट ऊब होती.

हीटर अजून आला नव्हता.

मी डावा मोजा काढला आणि पुढची फॉइल उचलली.