‘ठीक’च्या पलीकडे

प्रश्न १. फिजिओथेरपी कशी वाटली?
○ खूप वाईट ○ वाईट ● ठीक

एवढंच. एकाही पेशंटने ‘ठीक’च्या वर खूण केली नव्हती. या निकालावर दुपारी विभागाला कुलूप लागणार होतं.

सर्व्हेवालीने निकाल पुन्हा वाचला. ऑनलाइन प्रश्नावल्या बनवणं हे तिचं रोजचं काम. पण आज ती बहीण म्हणून हॉस्पिटलात आली होती. पक्षाघाताने आडवा झालेला दादा इथेच काठी धरून उभं राहायला शिकत होता. विभाग गेला, की तो पुन्हा खाटेवर.

“दादा, तू ‘ठीक’ का दिलंस?”

“फोनवर त्याच्या वरचं काही दिसलंच नाही गं. खालच्या लिहायच्या चौकटीत मात्र मी कौतुकाचं पाल्हाळ लावलंय.”

प्रश्न २. ही चूक होती?
○ हो ○ कदाचित ○ सांगता येत नाही

ऑफिसात मॅनेजर खुर्चीत रेलला होता. हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडम विभाग बंद करायच्या आदेशावर सहीसाठी पेन उघडून बसल्या होत्या.

“प्रश्नावली कोणाची?” तिने विचारलं.

“कॉम्प्युटरवाल्याची,” मॅनेजर म्हणाला. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पाहिलीसुद्धा नाही.”

“लोक कौतुक लिहितात, मग खूण ‘ठीक’वर कशी?”

“तोंडदेखलं असतं हो ते. खरंच आवडलं, तर स्क्रीन बाजूला सरकवायला कितीसा वेळ लागतो?”

तिने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो रडकुंडीला आला होता.

“मी पर्याय एकाखाली एक मांडले होते. मंजुरीहून परत आले ते आडवे होऊन.”

“मी पाहिले तेव्हा पाचही दिसत होते,” मॅडम म्हणाल्या.

“कॉम्प्युटरवर पाहिलेत ना?” तिने विचारलं. “फोनवर आडवे तीनच मावतात. ‘चांगली’ आणि ‘खूप चांगली’ स्क्रीनबाहेर राहतात, आणि सरकवा असं कुठे लिहिलेलं नाही. नवशिके असं करतात, म्हणून मीही आधी चूकच समजले.” ती मॅनेजरकडे वळली. “पण साहेब, न पाहता तुम्हाला सरकवायचं कसं कळलं? मी तर हे आत्ता बोलतेय.”

“मंजुरी कोणाकडे होती?” मॅडमनी विचारलं.

“साहेबांकडेच,” कॉम्प्युटरवाला पुटपुटला.

मॅनेजरने मान खाली घातली. “मेव्हण्याला लॅबसाठी जागा हवी होती.”

मॅडमनी आदेश फाडला. “फिजिओला बोलवा.”

“तो निकाल वाचून सकाळीच गेला. फोन उचलत नाही,” कॉम्प्युटरवाला म्हणाला.

ती धावत दादाकडे गेली. “तू लाव. तुझा उचलेल.”

बऱ्याच वेळाने तिकडून ‘हॅलो’ आलं.

“मी उभा आहे,” दादा काठीवर थरथरत म्हणाला. “फार वेळ जमणार नाही. या.”