डोहाळ्यांचं पातेलं

गोमतीबाईला गोठ्यात खुंट्याशी बांधून ठेवलं होतं. जगदेव फौजदाराला पाटलाचा निरोप मिळाला तो असा: घरात विषप्रयोग झालाय, विष घालणारी सापडली आहे, लवकर या.

फौजदार घोडा फेकत धनजच्या ठाण्यातून पाटलाच्या गावात पोचला. सन चव्वेचाळीसची थंडी होती. वाटेत त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आरोपी आयता मिळालाय, म्हणजे काम सोपं आहे. माणसाची अक्कल पेंड खायला जाते ती अशी.

पाटलाच्या घरात खाटेवर रुख्मिणी पोटाशी पाय घेऊन पडली होती. दौलतराव पाटलाची ही बायको, सातवा महिना लागलेली. तिची याआधीची दोन्ही बाळंतपणं वाया गेली होती. दोन्ही मुलं पोटातच गेली. या खेपेलाही तीच लक्षणं दिसत होती: पोटात मुरडा, तोंडावर पांढरटपणा आणि अशक्तपणा. पाणी प्यायला तिनं हात उचलला, तर मनगटापासून पंजा खालीच लोंबत राहिला. सासू सोजरबाईनं पेला तोंडाला लावला तेव्हा फौजदाराला तिच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या कडेनं निळसर रेघ होती. दातवण लावलं असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

"हिनं खाल्लेली अंबाडीची भाजी कोणी रांधली?" त्यानं गोठ्यातून आणवलेल्या गोमतीला विचारलं. गोमती म्हणजे पाटलाच्या थोरल्या भावाची विधवा. घरचा सगळा सैपाक तिच्याच हातचा.

"म्या रांधली जी."

"वाढली कोणी?"

"म्याच."

"चाखून पाह्यली होती?"

"नाही जी. गर्भारणीचं कोणी चाखत नसते आमच्या घरी. बाळाले दृष्ट लागते."

सोजरबाई मधेच कडाडली. "पातेलंच अलग हाय साहेब! पहिल्या खेपेले इच्या माहेरानं ओटीत देल्लं. डोहाळ्यांचं आंबटचिंबट त्यातच रांधायचं आन हिनंच खायचं. एरवी ते उतरंडीवर उपडं राह्यते. औंदा तर ते हरपलंच होतं! मी धुंडून धुंडून कडब्याच्या सुडीतून काढलं. पुसा या रांडमुंडीले, काहून लपवलं होतं?"

"म्या नाही लपवलं, आत्याबाई."

"मंग पाय फुटले काय त्याले?"

दौलतराव भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोक्यावर खुंटीला ठासणीची बंदूक, बाजूला गोळ्या पाडायचा साचा आणि एक रिकामी कातडी पिशवी लटकत होती. पंचक्रोशीत नावाजलेला शिकारी तो, पण त्या दिवशी जमिनीकडं बघत होता.

"पाटील, तुमचा संशय कोणावर?"

"माय म्हन्ते ते खरंच असन," तो म्हणाला.

फौजदारानं दोर मागवला. गोमती एवढंच बोलली, "साहेब, दोर नका लावू. मी चालते ना तुमच्यासंगं." तिचं म्हणणं वावगं नव्हतं. पण दारात गाव जमलं होतं आणि पाटील बघत होता. फौजदारानं तिच्या हाताला दोर लावला आणि भर गावातून तिला चावडीवर नेलं. बाया दारादारांतून थुंकल्या. एकीनं शेण फेकलं, ते गोमतीच्या खांद्यावर बसलं. तिला ते पुसताही येईना, हात बांधलेले होते.

कारंज्याहून डॉक्टर बैलांच्या दमणीत बसून आले. त्यांनी रुख्मिणीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मग तिचे लोंबते हात पाहिले आणि फौजदाराला अंगणात घेऊन गेले.

"धोतरा नाही, सोमल नाही. हे शिसं आहे."

"शिसं? बंदुकीच्या गोळीचं?"

"तेच. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांच्या हिरड्यांवर अशीच रेघ येते. थोडं थोडं करून अंगात मुरतं. आणि पोटुशी बाई असली तर तिच्या रक्तातून बाळात उतरतं. आई पोटदुखीनं तळमळते, हातातलं बळ जातं, पण मूल आधी जातं. हिची दोन्ही अशीच गेली असणार."

"आणि हे?"

"बाळाचे ठोके लागतात अजून. शिसं आजपासून थांबलं तर आशा आहे. पण वचन देणार नाही."

डॉक्टर गेले. फौजदार ओट्यावर बसून राहिला. सूड उगवायचा तर बायका धोतरा वाटतील, सोमल आणतील. शिसं विषारी असतं हे तर त्याला स्वतःलाच आत्ता कळलं होतं. शिवाय रुख्मिणी एरवी धडधाकट असायची, फक्त पोटुशी राहिली की आजारी पडायची. तिला पोटुशी असतानाच विष कोण घालतं, असं सगळे विचारत होते. पोटुशी असतानाच ती वेगळं काय खाते, हे कोणी विचारलंच नव्हतं.

तो चुलीपाशी गेला. पातेलं बाहेरून लखलखीत होतं, आतून मात्र राखेसारखं मळकट. त्यानं पांढरा रुमाल आत घासला. रुमालावर काळा ओरखडा उमटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तेच आपण भर गावात करून आलोय, हे त्याला कळून चुकलं. त्यानं शिपायाला कारंज्याला पिटाळलं, मेहबूब कल्हईवाल्याला आणायला.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या अंगणात गाव बोलावलं. गोमतीलाही आणलं. फौजदारानं ते पातेलं मधोमध ठेवलं. आत वाफाळती अंबाडी होती.

"सोजरबाई, ह्या पातेल्यातलं तुमी कधी खाल्लं?"

"नाही बाप्पा."

"मंग आज खा. विष गोमतीबाईच्या हातात हाय म्हन्ता ना? ही भाजी तिनं नाही, शिपायाच्या बायकोनं रांधली. भ्यायचं काय काम?"

"मी काहून भिऊ?" सोजरबाई तोऱ्यात पुढं आली. तिनं भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तोंडाशी नेला.

"माय, नको खाऊ!"

दौलतराव झेपावला. आईच्या हाताला त्याची थाप बसली आणि घास धुळीत पडला.

"काहून रे?" सोजरबाई म्हणाली. "काहून नको खाऊ?"

फौजदार हलकेच म्हणाला, "भाजी मातीच्या मडक्यात रांधली होती, आत्ताच इथं ओतली. एका घासानं काही झालं नसतं. पण पातेल्यात विष हाय हे तुमाले कसं ठाऊक, पाटील?"

दौलतराव धुळीत पडलेला घास पायानं मातीत दडपू लागला.

"मंग मीच सांगतो," फौजदार गावाकडं वळला. "विष भाजीत नव्हतं, कल्हईत होतं. पातेलं माहेराहून आलं तवा लढाई पेटली होती, मलायाचं कथील बंद झालं होतं. कल्हई कथलाचीच पाह्यजे. ही केली शिशाची. त्यात अंबाडी शिजली, चिंच शिजली, आन आंबटानं शिसं सोडलं. पानी ठेवलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. शिसं ह्या घरात एकाच ठिकाणी होतं. गोळ्यांची पिशवी रिकामी हाय, पाहा. आन औंदा पातेलं सुडीत कोणी घातलं? विष घालणारा आपलं भांडं लपवत नसते. लपवते तो, ज्याले कळलं असते आन सांगायची लाज वाटते. मेहबूबमियाँ, पातेलं घेऊन कोण आलं होतं?"

ओट्याच्या कडेला बसलेला म्हातारा मेहबूब उठला. "पाटीलच आले होते साहेब. म्या म्हटलं, कथील नाही, चिमूटभर हाय. त्यायनं गोळ्या काढून देल्या, म्हने हे वितळव. मी नाही म्हणायले पाह्यजे होतं. पण तसं म्हटलं नाही. येवढंच सांगितलं, पाटील, यात आंबट नका घालू." त्यानं मान खाली घातली. "गुन्हा माहाही हाय."

"माह्या घरी बिनकल्हईचं पातेलं कसं नेऊ?" दौलतरावाचा आवाज चिरकला. "सासरवाडीची मानसं बसली होती. म्या सांगितलं, कल्हई झक्कास झाली. पह्यल्या खेपेले मेहबूबचं बोलनं ध्यानातच नव्हतं. दुसरं गेलं तवा आठवलं. पण कोणत्या तोंडानं सांगू, का दोन्ही लेकरं म्याच मारली? म्हटलं, लपवून टाकू, मिटन. मायनं हुडकून काढलं."

"आन मंग तुमच्या वहिनीले दोर लागला तवा?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत म्हणत त्यानं दोन लेकरं त्या मुठीत घालवली होती आणि तिसरं घालवायला निघाला होता. आतून खाटेचा आवाज आला. रुख्मिणीनं सगळं ऐकलं होतं. तिनं नवऱ्याला हाक मारली नाही. तिनं हाक मारली ती "जाऊबाई" अशी.

शिपायानं पाटलाला धरलं. फौजदारानं गोमतीच्या हाताचा दोर स्वतः सोडला. गाठ घट्ट बसली होती, मनगटावर वळ उठले होते.

"गोमतीबाई, माहं चुकलं. तुमी दोर लावू नका म्हटलं होतं. मले पाटलाची भीड पडली. तुमी काय सांगान ते करतो."

तिनं थोडा विचार केला. "आंधी परत चावडीवर चला. ज्या रस्त्यानं नेलं ना साहेब, त्याच रस्त्यानं मले तिथून घरी आना. दोर तुमच्या हातात राहू द्या, लोकायले दिसू द्या. आन तुमी मांगं चाला."

चावडीवरून ते तसंच चालले. ती पुढं, खांद्यावर वाळलेलं शेण तसंच. फौजदार डोक्यावरची टोपी काखेत मारून मागं, हातात दोर. कोणी थुंकलं नाही. ज्या बाईनं शेण फेकलं होतं तिनं दार लावून घेतलं. फौजदाराला वाटत होतं, एखादं दार आपल्यालाही मिळावं.

घरी येऊन गोमतीनं हातपाय धुतले, चुलीवर मातीचं मडकं चढवलं आणि दोन मुठी तांदूळ टाकले. पेज झाली. सोजरबाई सुनेच्या उशाशी बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता, वर बघत नव्हती.

गोमतीनं वाटी रुख्मिणीच्या तोंडाशी नेली आणि मग थांबली. तिनं पहिला घोट स्वतः घेतला, सगळ्यांच्या देखत.

"जाऊबाई, दृष्ट लागन ना," रुख्मिणी पुटपुटली.

"लागू दे," गोमती म्हणाली. "आता रोज मीच आंधी चाखीन."

रुख्मिणीनं तोंड उघडलं. उंबऱ्याबाहेर उभा असलेला फौजदार दोराची गुंडाळी खिशात कोंबायला पाहत होता. ती काही केल्या खिशात मावेना.