बापूंचा उशिराचा ठोका

खुशीच्या सत्काराचा फ्लेक्स सांडोरच्या नाक्यावर लागला, तेव्हा तिच्या फोटोशेजारी चक्क मोटरसायकल छापलेली होती. 'पल्सरवर संशोधन' एवढंच कळवलं होतं, फ्लेक्सवाल्यानं आपल्या अकलेप्रमाणे चित्र टाकलं. मला हसू आलं, पण मी फ्लेक्स उतरवू दिला नाही. केळीच्या वाडीत वाढलेली माझी पोर नाक्यावर एवढी मोठी दिसत होती. आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यात असा विद्यार्थी एकच निघाला आणि तोही घरचाच. मला त्याचा गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

पल्सर म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. तो गरगर फिरतो आणि दर फेरीला त्याच्या रेडिओ लहरींचा झोत आपल्यावरून जातो. दुर्बिणीत ते ठोक्यांसारखं नोंदलं जातं. खुशीचा तारा जरा लहरी होता. मधूनच त्याचे रेडिओ ठोके बंद पडत, आणि नेमके तेव्हाच त्याचे एक्स-किरण वाढत. असं का होतं, ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही. खुशीनं एक दुर्बीण जमिनीवरची आणि एक अंतराळातली, अशा दोन्ही एकाच वेळी त्याच्यावर रोखून घेतल्या. रेडिओ गप्प असतो तेव्हा एक्स-किरणांत बारीक उंचवटे येतात, असं तिचं म्हणणं होतं. बरोबरचे म्हणत, तो नुसता गोंगाट आहे, सोडून दे. तिनं सोडलं नाही. हा हट्ट तिच्या बापाचा.

तिचा बाप, म्हणजे माझे यजमान बळीराम, सत्काराच्या दिवशी समाजमंदिरात पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसले होते. खुशीनं दोन्ही नोंदींचा आवाज करून आणला होता, उंचवटा आला की ठोका. तिनं आधी रेडिओ ऐकवला. टोक, टोक, टोक. मधेच एक ठोका गळायचा, मग पुन्हा टोक, टोक.

"आपला रहाट," बळीराम माझ्या कानाशी म्हणाले.

मी त्यांना गप्प केलं, पण मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्या विहिरीवरचा रहाट गावात सगळ्यांत शेवटी मोडीत निघाला. रेडा गोल फिरायचा, गाडगी पाणी उपसायची, आणि चाक उलटं फिरू नये म्हणून लावलेली लोखंडी जीभ दात्यांवर टोक-टोक वाजायची. आमच्या चाकाचा एक दाता तुटका होता, तिथे ठोका गळायचा. हा आवाज दिवसभर घरात ऐकू येई. तो थांबला, की घरातल्यानं हातातलं काम टाकून हाक मारायची, "हाय का?" रहाटावर बसून रेडा हाकणाऱ्या माणसाला डुलकी लागून तो विहिरीत तर गेला नाही ना, ही धास्ती. त्यानं काठीनं चाकावर आपली खूण वाजवायची. सासऱ्यांची, म्हणजे बापूंची, खूण तीन ठोक्यांची. तिसरा अंमळ उशिरा. बळीरामांचे दोन, लागोपाठ. लग्नानंतर एक उन्हाळा मीही बसले होते. माझा एक ठोका, आणि मग काठी लोखंडावरून लांब ओढायची.

एका दुपारी रहाट थांबला. बळीराम वाडीतून हाका मारत राहिले. खूण आली नाही. जाऊन पाहिलं तर रेडा उभा होता आणि बापू जागेवर बसल्या बसल्याच गेले होते. पुढे बोअरवेलवर पंप आला, विहीर बुजवली. पण त्या न आलेल्या उत्तरानं यांना कधी नीट झोपू दिलं नाही.

समाजमंदिरात ठोके थांबले.

"आता रेडिओ बंद," खुशी म्हणाली. "एक्स-किरण ऐका."

स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. बळीराम अर्धवट उठले आणि सवयीनं ओरडले, "हाय का?"

लोक हसले. खुशीही हसली.

टक. टक.

मग अंमळ उशिरा, टक.

बळीराम खाली बसले. त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता.

"आयकलंस? बापू हाय," ते म्हणाले.

घरी आल्यावर खुशीनं त्यांना समजावलं. "बाबा, ही फाईल मागच्या वर्षीची आहे. आणि हे किरण तिथून निघाले ना, तेव्हा आपली विहीरच काय, वसईचा किल्लासुद्धा नव्हता."

"म्हंजे उत्तर कवाचंच निघालेलं," ते शांतपणे म्हणाले. "हाक मीच उशिरा मारली."

त्या रात्री ते गाढ झोपले. असे ठोके योगायोगानं पडण्याचं गणित मी मांडून पाहिलं, पुन्हा मांडलं, आणि नाद सोडला. पुढे परदेशातल्या एका गटालाही तेच उंचवटे दिसले. खुशीचं म्हणणं खरं ठरलं. मी अख्ख्या आळीत वेलची केळी वाटली.

काल दुपारी तिचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"आई, नवीन डेटा आलाय. आजोबांच्या तीन ठोक्यांनंतर आता अजून दोन आहेत. एकदम लागोपाठ."

ओटीवर बळीराम वालाच्या शेंगा सोलत होते.

"बाबा कुठे आहेत?"

"हे काय, समोरच."



"त्याच्यानंतर अजून एक आहे, आई. एक ठोका, आणि मग काहीतरी लांब ओढल्यासारखं. तू कधी बसली होतीस का गं रहाटावर?"

"छे," मी लगेच म्हणाले. "मला त्या रेड्याची भीती वाटायची."

"मग गोंगाट असेल," ती म्हणाली.

माझ्या हट्टी पोरीनं पहिल्यांदाच काहीतरी गोंगाट म्हणून सोडून दिलं.