झुंबरबाईचा सहावा फोटो

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आजवर कुणी ठेवला नाही, तुम्ही कोण मोठे लागून गेलात!

पण घडलंय ते अक्षर न् अक्षर खरं.

सन २००४. मे महिना. शनिवार, सकाळचे साडेनऊ. भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्ताच उठून घरी जावं. गाव मंठ्याहून दोन कोसांवर. नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथंच नांदतात.

एरवी मी हातवारे करकरून सांगतो. आज हात मांडीखाली दाबून बसलोय, तेवढं चालवून घ्या. आणि चहा देणार असाल तर साखरेचा द्या. गुळाचा चहा मी त्या दिवसापासून तोंडाला लावलेला नाही. आमच्या उषाबाई पलीकडं ज्वारी निवडत बसल्यात, त्यांना विचारा. कारण मात्र त्यांनाही ठाऊक नाही.

आज कळेल.

तर... लतीफ.

मंठ्यात त्याचा फोटो स्टुडिओ. माणूस भारी टापटिपीचा. कानात अत्तराचा फाया, खिशात पांढराफेक रुमाल. कपाच्या कडेला दुसऱ्याचं बोट लागलेलं दिसलं की चहा ओतून देणार. बारा दिवसांपूर्वी त्यानं रोलचा कॅमेरा विकून डिजिटल घेतला होता. सोबतचं माहितीचं पुस्तक इंग्रजीत. अर्धं चाळलं, अर्धं राहिलं.

त्या सकाळी बद्रीनाथ त्याला मोटरसायकलवर घालून घेऊन आला. बद्रीनाथची आई, झुंबरबाई, पहाटे गेली होती. ऐंशीची म्हातारी. जन्मात फोटो काढू दिला नाही. फोटोनं आयुष्य घटतं म्हणायची.

आणि तिची एकुलती लेक दुर्गाबाई सुरतेला. गाडी दुसऱ्या दिवशी पोचणार. मे महिन्यातलं प्रेत तोवर थांबतंय होय?

शेजारच्या फोनवर दुर्गाबाई रडून रडून एकच बोलली. "दादा, मला आईचं तोंड दिसू दे. फोटोत तरी. डोळे उघडे ठेवा रे तिचे..."

बस्स. बहिणीचा शब्द. बद्रीनाथनं आईला खुर्चीत बसवलं, पदरानं बांधलं. मागं लिंबाखाली दोरीवर पांढरी चादर टांगली.

पण डोळे उघडे राहिनात. पापणी वर केली की खाली. वर केली की खाली.

मग घरातल्या बायांनी डोकं चालवलं. अख्खी गुळाची भेली फोडली. अर्धी ओट्यावर राहिली, अर्ध्या भेलीचा घट्ट पाक केला. आणि पाकानं पापण्या कपाळाकडं चिकटवल्या.

गुळाचंही एक होतं. म्हातारीला शुगर. सहा वर्षं लेकानं गुळाचा डबा कुलपात ठेवला होता. रोज मागायची. मरायच्या आदल्या सांजेलाही बोटभर मागितला होता...

दिला नाही.

लतीफ अंगणात आला आणि पहिल्या झटक्याला दोन पावलं मागं सरला. पाकाचा गोडसर वास. त्याखाली दुसरा वास. पाकाचे दोन ओघळ गालांवरून तोंडाकडं उतरत होते, आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. हिरव्या, जाड. एक तर बुबुळावरच.

"या अल्ला! बद्रीभाऊ, ये क्या करके ठेवलंय?"

"काढा की लतीफभाई जल्दी. लाकडं मसनात जाऊन पडलेत."

लतीफनं रुमाल नाकाला लावला. एका हातानं पहिला फोटो काढला. पडद्यावर पाहिला.

चादर लख्ख. म्हातारी काळीठिक्कर.

हे त्याला कळलं. ऊन चादरीमागून येत होतं. कॅमेऱ्यानं चादरीचा उजेड मोजला, चेहऱ्याचा नाही. खुर्ची फिरवा म्हणावं, तर मयत परत सोडा, उचला... ते त्याच्यानं होणार नव्हतं.

पण चादरीवर एक सावली होती. उभी. खुर्चीच्या बरोब्बर मागं.

लिंबाची असेल, म्हणून त्यानं सोडून दिली.

उजेडाचा आकडा दोन घरं वर चढवला. दुसरा फोटो. आता चेहरा दिसला, पण पिठात घोळल्यासारखा. नाक नाही. ओठ नाहीत. नुसते दोन चिकट डोळे.

एक घर खाली आणलं. तिसरा फोटो. बटण अर्धं दाबलं की पडद्यावर चौकोन यायचा, तो हिरवा झाला की समजायचं, नजर बसली. तो चौकोन नाकावर गेला, गालावर गेला, थरथरला... आणि टीं करून बसला.

माशीवर.

फोटोत माशीचे पाय मोजता येत होते. मागचा चेहरा नुसता धुरकट.

"आरं, माश्या मारायला आणलं का तुम्हाला?" मागून एक म्हातारा बोलला.

"तुम्ही या ना मंग पुढं, चाचा. वारा घाला जरा."

कुणी पुढं आलं नाही.

लतीफच्या ध्यानात आलं, अंगठ्यानं फुलाचं चिन्ह दाबलं गेलंय. ते जवळचं टिपायचं. ते बंद केलं. घामानं हात चिकट झालेले. भिंगावर काहीतरी दिसलं म्हणून त्यानं रुमालानं पुसलं. चौथा फोटो. सगळ्यावर तेलाचा तवंग!

अत्तराचा रुमाल. तोही नाकावरचा, घामाचा. स्वतःच्या हातानं त्यानं भिंग बरबटवलं होतं. त्याला स्वतःचीच किळस आली. सदरा वर करून बनियनच्या कोरड्या टोकानं त्यानं भिंग घासघासून साफ केलं.

बॅटरीची लाल खूण लुकलुकायला लागली.

आता हा फोटो गेला तर दुर्गाबाईला आईचं तोंड जन्मात दिसणार नाही. आणि मंठ्यात त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

पाचवा फोटो. चौकोन चेहऱ्यावर थांबेचना. वर सरकला. कपाळाच्याही वर, पदराच्या काठावर गेला, जिथं काहीच नव्हतं...

टीं.

लतीफनं फोटो मोठा करून पाहिला. पदराच्या काठावर...

चार बोटं.

म्हातारीचं डोकं मागून कुणीतरी धरलं होतं. नखं काळी. आणि पहिलं बोट अर्धंच. पेरावरून तुटलेलं.

लतीफनं समोर पाहिलं. पदर होता. बोटं नव्हती.

"बद्रीभाऊ... चादरीच्या मागं कोण हाय?"

"मागं? मागं कोन्ही न्हाई."

लतीफ खुर्चीला वळसा घालून गेला. चादर उचलली. मागं कडब्याची गंज. बांधलेली म्हैस. माणूस नाही. फक्त धुळीत अनवाणी पावलं उमटलेली, एका जागी. पावलांच्या मधे पाकाचे तीन थेंब... आणि त्यांना लागलेल्या मुंग्यांची रांग.

त्याला तिथंच ओकारी झाली. सकाळचा चहा, खारी, सगळं.

तोंड धुऊन परत आला तो डोळे लाल करून. फ्लॅश उघडला. म्हणाला, "आखरी हाय हा. आला तर आला."

अर्धं बटण दाबलं. चौकोन या खेपेला भिरभिरला नाही. सरळ गेला, म्हातारीच्या तोंडावर बसला.

टीं.

फ्लॅश पडला. आणि कॅमेरा मेला.

प्रेत गेलं. चिता पेटली. लतीफनं मंठ्यात येऊन तीनदा आंघोळ केली, मग बॅटरी बदलून सहावा फोटो पाहिला.

असा फोटो त्यानं पुन्हा कधी काढला नाही. उजेड बरोबर. सुरकुती न् सुरकुती साफ. एकही माशी नाही.

पण गालांवरचे दोन्ही ओघळ नव्हते. पुसलेले नव्हते... चाटलेले होते. डावीकडं ओली रेघ तेवढी चमकत होती.

आणि ओठांच्या मधून जिभेचं टोक बाहेर.

पुसून टाकावा म्हणून त्यानं बोट बटणावर ठेवलं. पण चांगला असा तोच एक. दुर्गाबाई तिसऱ्या दिवशी भावाला घेऊन स्टुडिओच्या दारात आली, त्यानं दुसरीकडं बघत तो तिच्या हातात दिला.

तिनं तो उजेडाला धरला. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आईनं गोड खाल्लं वाटतं जाताना. बघ दादा, कशी दिसतीय."

बद्रीनाथ त्या फोटोकडं पुन्हा कधी बघू शकला नाही. सुरतेला आजही तो भिंतीवर आहे.

आणि ओट्यावर राहिलेली ती अर्धी भेली? दिवस मावळायच्या आत नाहीशी झाली. कुलूप नाही, चोर नाही, चोरीचा माग नाही...

कोण घेऊन गेलं, ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, म्हातारी मेलेलीच होती, पाक माश्यांनी खाल्ला, जीभ आपोआप सरकली. म्हणा. लतीफला फक्त फोटो दिसला. पण फ्लॅश पडला ना, त्या घडीला पदराआडून हनुवटीखाली धरलेल्या तळव्याला कळलं. जबडा हलला. दोनदा. सावकाश... चघळल्यासारखा. मग बोटावरून काहीतरी फिरलं. गार. ओलं. खरखरीत. आजही त्या बोटाला पाणी लागलं की...

"कुनाच्या बोटाला?"

आमच्या उषाबाई. सूप खाली ठेवलेलं.

काही नाही, म्हटलं, गोष्टीतल्या.

"गोष्टीतल्या तळव्याला हनुवटी कशी लागली? चादरीच्या मागं तर कोन्ही नव्हतं म्हणले तुम्ही. काढा बरं तो हात मांडीखालून."

काढला नाही.

"कडब्याच्या कुट्टी मशीनमधी गेलेलं अर्धं बोट अख्ख्या गावात एकाचंच हाय. चादरीखालून हात घालून मान धरायला बद्रीभाऊनं तुम्हालाच उभं केलं असंल, अन् लतीफभाई मागं बघायला आला तसं गंजीच्या मागं दडले असाल. मयताला धरलं म्हणून घरात घेणार न्हाई मी, या भ्यानं! बद्रीभाऊलाबी कोन्ही न्हाई म्हणायला लावलं असंल. अन् त्या शनिवारी मला काय सांगितलं व्हतं? परतूरच्या बाजाराला गेल्तो म्हणून. अर्धी भेली आणल्ती येताना..."

त्यांनी तोंडाला पदर लावला.

"आगं माय! मी तिच्या पोळ्या करून लेकरासगट सगळ्या घराला वाढल्या की हो! अन् तुम्ही एकटे म्हणले, आज पोटात गडबड हाय, मला नको!"