अकरा नंबरचा बिल्ला

नोव्हेंबरच्या त्या सकाळी एवारिस्तो कान्तू रोजच्यासारखा फाटकावर गेला आणि फळ्यावरचं दव बाहीने पुसलं. पालो सेको रँचचा तो फळा. त्यावर सगळ्या जमिनीचा नकाशा रंगवलेला, आणि जिथे जिथे शिकारीचं मचाण, तिथे तिथे एक खिळा. आत जाणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला आपण बसणार त्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर पडताना काढायचा. म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं आणि कुणी कुणाच्या दिशेने गोळी झाडत नाही.

शेजारी नियम लिहिलेले. सात होते. एवारिस्तोला वाचायला फारसं येत नव्हतं, पण सातही पाठ होते. शिंगांचा पसारा कानांच्या बाहेर गेला नसेल तर नर मारायचा नाही. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. चौथा नियम ठळक अक्षरांत होता. रक्त सांडलं की जनावर तुमचं. ते सापडेपर्यंत मागावर राहायचं.

हरणासाठी नियम होता. माणसासाठी नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ आन्सेल्मो सहा नंबरच्या मचाणापाशी हरणांना दाणा टाकणाऱ्या यंत्राच्या पिंपात मका भरायला गेला होता. ह्यूस्टनहून शिकारीला आलेल्या रॉइस टिलरीने झुडपात काही हललं म्हणून गोळी झाडली, आणि नेम चुकला असं म्हणत जेवायला गेला. आन्सेल्मो दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. पोटात गोळी घेऊन तो बराच लांब सरपटत गेला होता. रँचचा मालक गॅडिस शेरीफला म्हणाला, "फळ्यावर त्याचा बिल्ला नव्हता. फळ्यावर नाही म्हणजे आत नाही. चूक त्याची."

अकरा नंबरचा तो बिल्ला आन्सेल्मोने सहाच्या खिळ्याला अडकवला, तेव्हा एवारिस्तो शेजारी उभा होता. त्याने तसं सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही. बिल्ला कधी सापडला नाही. कागदावर कायमचं राहिलं ते एवढंच, की मेलेल्या माणसाने नियम मोडला.

मग इथे राहिलास कशाला, असं लोक विचारत. त्याचा बाप आणि भाऊ, दोघं रँचवरच्या जुन्या दफनभूमीत होते. नोकरी सोडली असती तर बापाच्या थडग्यावर फूल ठेवायलाही शिकाऱ्यांसारखे मोसमाचे पैसे भरून फाटकातून आत यावं लागलं असतं.

आणि या वर्षी टिलरी परत आला.

"जुनं उकरायचं नाही," गॅडिसने बजावलं. "पाहुणा आहे. पैसे भरलेत."

"मी काही बोललोय का?"

"तुझ्या डोळ्यांबद्दल बोलतोय मी."

दुपारी टिलरीने तीन नंबरचा बिल्ला घेतला आणि सहाच्या खिळ्याला अडकवला. "आपली जुनी जागा. काय रे म्हाताऱ्या, अजून जिवंत?"

"मी आहे," एवारिस्तो म्हणाला.

तीनच्या सुमारास समुद्राकडून धुकं आलं. काटेरी झुडपं एकेक करून बुडाली. चार वाजता सहाच्या बाजूने एकच गोळी वाजली. मग रेडिओवर टिलरीचा आवाज आला, "चुकली. कॉफी टाकायला सांग."

एवारिस्तोने गाडी काढली.

तो पोचला तेव्हा टिलरी शिडी उतरत होता. एवारिस्तो त्याच्याशी बोललाच नाही. साठ पावलं चालत झुडपांपर्यंत गेला. पानांवर रक्त होतं, ताजं. हरणाचं रक्त पानांना गुडघ्याच्या आसपास लागतं. हे कमरेच्या उंचीवर लागलं होतं. खाली मातीत खुराचा एकही ठसा नव्हता.

"रक्त आहे. चौथा नियम."

"या धुक्यात? उद्या कुत्री सोड."

"ज्याने रक्त काढलं त्याने जायचं."

"पैसे मी भरतो आणि नियम तू शिकवणार?"

"नियम तुमच्यासाठीच लिहिलेत, साहेब. आमच्या हातात बंदूक देतो कोण?" एवारिस्तोने त्याच्या रायफलीतल्या गोळ्या काढून स्वतःच्या खिशात टाकल्या. "चला. नाहीतर गॅडिस साहेबांना सांगतो, पाहुणा जनावर टाकून पळाला. उद्यापासून फाटक बंद."

टिलरीने शिवी दिली आणि निघाला.

पाच हातांपलीकडे दिसत नव्हतं. रक्त मात्र दिसत होतं. पानामागून पान. थोडं पुढे गेल्यावर वास आला, आंबलेल्या मक्याचा आणि यंत्राच्या तेलाचा. आन्सेल्मोच्या अंगाला बारा महिने हाच वास असायचा. एवारिस्तोने पाऊल टाकलं. थांबला. परत टाकलं.

पुढे धुक्यात काहीतरी कुरकुरलं. बादलीची कडी. किर्र... खण्. किर्र... खण्.

"पुढे कुणी मका भरतंय का?" टिलरीने हळूच विचारलं.

"या वेळी कुणी नसतं."

"मग ती बादली..."

एवारिस्तोच्या मानेवर काटा आला. इतका वेळ त्याला वाटत होतं, हे आपल्या म्हाताऱ्या कानांपुरतंच आहे.

रक्त खाली उतरू लागलं. कमरेवरून मांडीवर, मांडीवरून गुडघ्यावर. मग पानांवरचं संपलं आणि जमिनीवर सुरू झालं. मातीत एक रुंद चर उमटला होता, जड पोतं ओढत नेल्यासारखा. चराच्या दोन्ही बाजूंना बोटं रुतल्याच्या खुणा होत्या.

टिलरी थांबला. "बस. पुढे नको... त्या वाकड्या मेस्कीटखाली काही नाहीये."

एवारिस्तो सावकाश वळला. चहूकडे पांढरं धुकं होतं. झाड कुठेच दिसत नव्हतं.

"कुठल्या मेस्कीटखाली?"

टिलरी एक पाऊल मागे सरकला.

"शेरीफला तुम्ही सांगितलंत, मचाणावरून उतरलो तो सरळ जेवायला गेलो. मग माझा भाऊ कुठल्या झाडाखाली मेला, ते तुम्हाला कुणी दाखवलं?"

कडी वाजायची थांबली. कुणीतरी ऐकायला थांबावं तशी.

"तो... पाणी मागत होता," टिलरी म्हणाला.

"जिवंत होता."

"मी घाबरलो. मला वाटलं, कुणीतरी येईलच..."

"आणि बिल्ला?"

"फळ्यावरून काढला आणि गुरांच्या तळ्यात फेकला."

एकोणीस वर्षं एवारिस्तो ठरवत आला होता, हे कळलं की काय करायचं. आता त्याने खिशातल्या गोळ्यांवर नुसती मूठ आवळली. "हेच गॅडिससमोर बोलायचं," तो म्हणाला. "त्याने लिहायचं, की आन्सेल्मो कान्तूने नियम मोडला नव्हता. चला. गाडी राहू दे. चालतच चला."

तो पुढे चालू लागला. मागे वळून बघितलं तर आपण या माणसाचा गळा धरू, हे त्याला माहीत होतं. म्हणून बघितलं नाही. मागे पावलं वाजत होती, फाटकापर्यंत सारखी. एक पाय जरा फरफटत होता. दमलाय, एवारिस्तोच्या मनात आलं. दमू दे.

फाटकावर स्वयंपाकीण चायो कंदील घेऊन उभी होती. नात्याने कुणी नसली तरी ती त्याला तीओ, म्हणजे काका म्हणे.

"तीओ, सहाला कुणाला पाठवलंत? आणि हा अकरा नंबर कुठून आला? आपल्याकडे अकरा आहेच कुठे?"

सहाच्या खिळ्याला एकच बिल्ला होता. अकरा. त्याला हिरवं शेवाळ चिकटलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. टिलरीचा तीन नंबर तिथे नव्हता.

"टिलरी साहेब कुठायत?" चायोने विचारलं.

"हे काय, माझ्या माग..."

मागे कुणी नव्हतं. कंदिलाच्या उजेडात धुळीत एवारिस्तोच्या स्वतःच्या बुटांचे ठसे दिसले. त्यांच्या मागोमाग एका अनवाणी पायाचे ठसे, आणि शेजारी फरफटल्याची रेघ. ती थेट त्याच्या टाचांशी येऊन थांबली होती.

गॅडिस कप घेऊन आला. त्याने फळा पाहिला. अकरा नंबरवर त्याची नजर ठरेना. "तीन... तीन नाही फळ्यावर. म्हणजे टिलरी गेला असेल."

"गाडी उभी आहे त्याची."

"फळ्यावर नाही म्हणजे आत नाही, एवारिस्तो. चूक त्या..." तो आपोआप थांबला.

"बोला ना," एवारिस्तो म्हणाला. "पुरं करा. पाठ आहे मला."

गॅडिसने कप खाली ठेवला.

एवारिस्तोने स्वतःचा बिल्ला काढून अकराच्या शेजारी अडकवला, पाण्याचा कॅन उचलला आणि कंदील मालकाच्या हातात दिला. "माणूस शोधायला फळा लागत नाही, साहेब. तुम्ही पुढे व्हा."

टिलरी वाकड्या मेस्कीटखाली सापडला. अंगावर ओरखडाही नव्हता. पोट दाबून पडला होता आणि पाणी मागत होता. एवारिस्तोने त्याला कॅन दिला. त्याने तो रिकामा केला आणि परत मागितलं. मग गॅडिसच्या तोंडावर त्याने सगळं सांगितलं. त्याच रात्री गॅडिसने ते लिहिलं आणि टिलरीने खाली सही केली. एवारिस्तो तोवर दोघांसमोरून हलला नाही. चायोकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय त्याने कागद सोडला नाही. सकाळी तो स्वतः शेरीफकडे घेऊन गेला.

टिलरीची गोळी त्या दिवशी कशाला लागली, ते कुणाला कळलं नाही. सकाळी पानं स्वच्छ होती. तीन नंबरचा बिल्ला मिळाला नाही. तळं उपसलं, तिथेही नव्हता.

आन्सेल्मोचा बिल्ला मात्र अजून सहाच्या खिळ्याला आहे. काढायला कुणी धजत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, तरी तो बिल्ला वाळला नाही. थेंब थेंब गळतो. चायोने त्याखाली बादली ठेवली आहे. संध्याकाळपर्यंत ती काठोकाठ भरते.

सकाळी ती रिकामी असते. आणि भोवतालची माती कोरडी.