आमेनच्या आधीचा घास

हुलीता त्या सकाळी दोरीवरचा ॲप्रन काढायला म्हणून वसतिगृहाच्या मागे गेली होती. ॲप्रन अजून दमटच होता. समुद्रावरून खारट वारा येत होता आणि चॅपलमध्ये पोरं गाण्याचा सराव करत होती. तेवढ्यात टोंगाहून आत्याचा फोन आला.

"आज मढ्याला हात लावणार ना तू?"

"मढं काय म्हणता, आत्या? त्या म्हातारीनं जिवंतपणी स्वतः देह दिलाय, आम्ही शिकावं म्हणून. आधी प्रार्थना होते, मगच काम."

"प्रार्थना करा नाही तर नाच करा. हात लागला म्हणजे लागला."

"हातमोजे असतात."

"मेलेल्याला रबर कळतं का गं?"

हुलीतानं ॲप्रन खांद्यावर टाकला. तिचं घराणं म्हणजे बेटावरचं पुरणारं घराणं. गावात कुणी गेलं की त्याला न्हाऊ घालायचं आणि मातीत ठेवायचं, ते यांनीच. त्या कामाची एक रीत होती. एकदा मेलेल्याला हात लागला, की तो देह मातीत जाईपर्यंत आणि घरच्या थोरलीनं हात धुऊन मोकळे करेपर्यंत त्या हातांनी जेवायचं नाही. दुसऱ्यानं भरवायचं. गावात हे चार दिवसांत उरकतं. इथली म्हातारी मातीत जाणार होती वर्ष संपल्यावर.

"रीत मोडलीस तर पहिल्या बोटीनं परत ये," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. बापाच्या बहिणीचा शब्द तिकडे बापालाही मोडता येत नाही.

आणि परत जायचं तर हुलीताला नव्हतंच. तिच्या बेटावर रक्त तपासणारं एकही माणूस नव्हतं. आई कसल्या तापानं गेली ते आजतागायत कुणाला कळलं नव्हतं. ते काम शिकायचं म्हणून पोरगी फिजीतल्या या मिशनच्या विद्यापीठात आली होती.

लॅबमध्ये शरीररचना शिकवणाऱ्या नावुनीसरांनी प्रार्थना केली. म्हातारीच्या तोंडावरचं फडकं तसंच राहू दिलं आणि हुलीताच्या गटाला उजवा हात दिला. औषधाच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. दुपारपर्यंत हुलीतानं अंगठा आणि शेजारची दोन बोटं सोलून काढली. आत पांढऱ्या दोऱ्या होत्या. मनगटापाशी दोरी ओढली की बोट वाकायचं.

तिची मैत्रीण वासिती, इथल्याच गावातली, भारी आगाऊ. तिनं दोरी ओढली. म्हातारीचं बोट वाकलं, सरळ झालं, पुन्हा वाकलं.

"बघ हुलीता, बोलावतेय तुला."

"गप गं. देवाची तरी भीती बाळग."

पण जेवायच्या वेळी हीच वासिती कामाला आली. भिंतीकडच्या टेबलावर, कुणाला दिसणार नाही अशी बसली आणि दालोचा, म्हणजे अळूच्या उकडलेल्या कंदाचा, तुकडा नारळाच्या दुधात बुडवून म्हणाली, "राणीसरकार, तोंड उघडा. लग्नानंतर नवरा भरवेल तेव्हा मला आठवा."

हुलीताला हसूही आलं आणि लाजही वाटली.

दुसरा दिवस रविवार. लॅबला कुलूप. उपासना आटोपून सगळे मेसमध्ये आले. वॉर्डनबाईंची रविवारची प्रार्थना म्हणजे अन्न निवून जायचं. दोनशे पोरांनी डोळे मिटले. पंखे घरघरत होते. हुलीतानं हात मांडीवर ठेवले होते.

प्रार्थना चालू असतानाच ओठाला घास लागला.

वासितीला दम नाही, असं मनात म्हणत तिनं तोंड उघडलं. घास थंडगार होता. तो आत सरकवताना बोटं ओठांना घासून गेली. अंगठा आणि दोन बोटं, यांना कातडी नव्हती. ओल्या दोऱ्या तेवढ्या होत्या. शेवटची दोन बोटं हनुवटीला लागली, ती मात्र गुळगुळीत, कातडीची.

"आमेन," सगळे म्हणाले.

तिनं डोळे उघडले. शेजारची खुर्ची रिकामी होती. वासिती अजून रांगेत, दोन्ही हातांत ताट धरून उभी होती.

"वासिती... तू इथं आली होतीस?"

"कशी येणार? तो जाडा पुढून हलेल तेव्हा ना!"

हुलीतानं घास गिळला होता.

तिनं आत्याला फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं.

"थुंकलीस?"

"नाही."

"मग त्या दुसऱ्या पोरीला सांग, भरवू नकोस म्हणावं. भरवणारा हात एकच असतो. दोन झाले की ते आपसात भांडतात. त्यात जिवंत हात हरतो."

वासिती हे ऐकून पोट धरून हसली. "तुझी आत्या माझ्यावर जळते!" आणि भरवत राहिली. आठवडाभरात तिच्या हातातून पेन गळायला लागलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली. नावुनीसरांनी सुई टोचली.

"दुखतंय?"

"कुठे टोचलंत, सर?"

सुई आत होती. वासिती सुईकडे बघत राहिली आणि मग लहान पोरासारखी रडली. इस्पितळात रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं ठीक, असं लिहून आलं.

त्या दुपारी वासिती डाव्या हातानं घास घेऊन आली. हुलीतानं तो खाली पाडला.

"नको मला. तुझ्या हाताला घाण वास येतो. इतके दिवस सोसला."

सगळी मेस वळून बघत होती. वासितीचा चेहरा आधी लाल झाला, मग कोरा. "माज आलाय तुला," एवढंच म्हणून ती दुसऱ्या टेबलावर गेली ती गेलीच. तिची बोटं मात्र हळूहळू परत तांबूस झाली. हुलीता ते लांबून बघायची.

मग हुलीता एकटी बसू लागली, भिंतीकडे तोंड करून. प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायची आणि तोंड उघडायची. ताट रिकामं व्हायचं. लॅबमध्ये म्हातारीच्या हाताची आणखी कातडी निघाली की दुसऱ्या दिवशी ओठांना ते कळायचं. पोरं म्हणत, हुलीता फार भाविक झाली, जेवण संपेपर्यंत डोळे उघडत नाही. परीक्षेत ती पहिली आली. वर्षाच्या शेवटी चॅपलमध्ये देह देणाऱ्यांसाठी उपासना झाली, म्हातारीला मातीत ठेवलं आणि हुलीता सुट्टीला घरी निघाली.

आत्या दारातच उभी होती. तिनं हुलीताला चटईवर बसवलं आणि तेलपाण्यानं तिचे हात कोपरापर्यंत धुतले. बाहेर लख्ख ऊन होतं, कोंबड्या फिरत होत्या.

"सुटलीस," आत्या म्हणाली. "माती पडली, विषय संपला. आता स्वतःच्या हातानं जेव. वाळलीस गं पोरी."

आत्यानं सुरण आणि मासा वाढला. दोघींनी डोळे मिटले. आत्याची प्रार्थना छोटी असायची.

"आमेन."

हुलीतानं डोळे उघडले. तिच्या हातात सुरणाचा तुकडा होता, पण हात तिच्या तोंडाशी नव्हता. तो डावीकडे लांब झाला होता. बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, हवेत थांबला होता.

"आत्या... हे मी नाही करत."

हात मागे येईना. बोटांतला सुरण मात्र कमी होत होता. सावकाश, दात नसलेली म्हातारी हिरड्यांनी खाते तसा. तुकडा संपला. हुलीताचा हात आपणहून ताटात गेला आणि माशाचे काटे काढू लागला.

आत्या त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं कमरेला गुंडाळलेलं वस्त्र आवरून घेतलं आणि चटईवर थोडी सरकली, एका माणसाला नीट मांडी घालून बसता येईल इतकी.